बेक्ड अलास्का पहिल्यांदा करताय? आधी ओव्हनची उंची मोजा

माझा पहिला बेक्ड अलास्का जळला तो पोळपाटापायी. हा प्रकार लाकडी फळीवर भाजायची जुनी पद्धत आहे, म्हणजे खालची धग वर चढत नाही, एवढं ऐकून होते. घरात सपाट, गोल आणि लाकडी असं पोळपाटाखेरीज दुसरं काय असणार? त्यावर केक, केकवर आइस्क्रीमचा घुमट, घुमटावर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस, असा सगळा डोलारा ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, सरकवला आणि दार लावलं. पोळपाटाला पाय असतात हे इतकी वर्षं त्यावर पोळ्या लाटूनही डोक्यात आलं नाही. त्या पायांनी उंची दीडेक इंच वाढली, फेसाचं टोक वरच्या तापणाऱ्या रॉडला टेकलं आणि मिनिटभरात स्वयंपाकघर जळक्या साखरेच्या धुरानं भरलं. आतलं आइस्क्रीम मात्र जसंच्या तसं घट्ट. काळा भाग सुरीनं खरवडून आम्ही उरलेलं चाटूनपुसून खाल्लं, आणि हा पदार्थ घरी होऊ शकतो हे मला तेव्हाच पटलं.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: खाली स्पंज केक, त्यावर आइस्क्रीम, आणि दोन्हींना सगळीकडून झाकणारा मरँगचा जाड थर. मरँग म्हणजे अंड्याचा पांढरा आणि साखर फेटून केलेला घट्ट, चकचकीत फेस. कुणी त्याला मेरिंगही म्हणतं. हे सगळं कडक तापलेल्या ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं ठेवायचं. बाहेरून खरपूस आणि कोमट, आत गारठलेलं. आपल्याकडच्या कसाट्याचा हा लांबचा भाऊ समजा; केक आणि आइस्क्रीमची जोडी तीच, फक्त हा भाऊ आगीतून चालून आलेला.

नावाची कथा न्यूयॉर्कची. 1867 साली अमेरिकेनं रशियाकडून अलास्का 72 लाख डॉलरना विकत घेतलं. त्या बर्फाळ मुलुखावरून डेल्मोनिकोज या रेस्टॉरंटात पदार्थाला नाव पडलं, असं सांगतात. तिथला फ्रेंच मुख्य आचारी चार्ल्स रॅनहोफर यानं 1894 साली छापलेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात कृती दिली, तिचं नाव होतं ‘अलास्का, फ्लोरिडा’. गार प्रदेश आणि उष्ण प्रदेश एकाच ताटलीत. त्याच्या कृतीत व्हॅनिलासोबत चक्क केळ्याचं आइस्क्रीम आहे. शिकरणावर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. फ्रेंच लोक याच प्रकाराला ‘नॉर्वेजियन ऑम्लेट’ म्हणतात. क्रूझ जहाजांवर तर शेवटच्या एखाद्या रात्री दिवे मंद करून वेटर मंडळी बेक्ड अलास्काची मिरवणूक काढत असत. गोव्यातले किती तरी तारवटी, म्हणजे खलाशी, अशा जहाजांवर नोकरीला असतात, त्यामुळे तिकडच्या काही घरांत हे नाव तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखीचं असेल.

आइस्क्रीम वितळत का नाही?

उसाच्या रसाच्या गाड्यावर बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असते. पूर्वी लाद्या लाकडाच्या भुशात यायच्या. 1833 साली बोस्टनहून कोलकात्याला जहाजानं बर्फ आला तोही असाच झाकूनगुंडाळून, निम्म्या पृथ्वीला वळसा घालून. भुशात काय किंवा गोणपाटात काय, खरं काम करते ती अडकून पडलेली हवा. हवेतून उष्णता फार सावकाश सरकते. मरँग म्हणजे लाखो बारीक बुडबुड्यांत कोंडलेली हवा, आणि स्पंज केकही तसाच सच्छिद्र. वरून मरँग, खालून केक, मध्ये आइस्क्रीम. शिवाय आइस्क्रीम उणे 18 अंशांवर असेल, तर त्याला नुसतं वितळण्याच्या बेतापर्यंत यायलाच बरीच उष्णता लागते. तीन-चार मिनिटांत तेवढी आत पोचत नाही.

यातून कामाची गोष्ट एकच निघते: फट राहता कामा नये. मरँगमध्ये कुठे भोक राहिलं, किंवा खालच्या कडेला तो ताटाला चिकटला नाही, की गरम हवा तिथून आत शिरते आणि तिथूनच आइस्क्रीमचा ओघळ बाहेर येतो.

मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही, कुणी कितीही सांगो. 1969 साली निकोलस कुर्टी या ऑक्सफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञानं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायक्रोवेव्ह वापरून नेमका उलटा पदार्थ करून दाखवला होता: बाहेर गोठलेलं, आत गरम. बर्फातून त्या लहरी फारशा न अडता जातात आणि आतल्या द्रवाला तापवतात. आपल्याला हवं त्याच्या बरोबर विरुद्ध. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर त्याचा फक्त कन्व्हेक्शन किंवा ग्रिल मोड वापरा.

घुमट नको, वीट घ्या

फोटोंत दिसतो तो घुमट. तो करायला वाडग्याला आतून क्लिंग फिल्म लावायची, आइस्क्रीम दाबून भरायचं, रात्रभर गोठवायचं, मग उपडं करायचं. अवघड नाही, पण पहिल्या खेपेला माझा सल्ला असा की दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात फॅमिली पॅक मिळतो ती आइस्क्रीमची वीट आणा. ती आधीच घट्ट असते, कडा सरळ असतात, आणि मुख्य म्हणजे बुटकी असते. आपल्या घरातल्या बहुतेक ओटीजींत जाळी आणि वरचा रॉड यांच्यात फार जागा नसते. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत ठेवा, ताट ठेवा आणि पट्टीनं मोजा. ताटापासून रॉडपर्यंत किमान 17 सेंटिमीटर हवेत. केक दोन, वीट पाच-सहा, मरँग आणि त्याची टोकं तीन-चार, आणि वर रॉडपासून पाच सेंटिमीटर मोकळे.

खोक्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिलंय की ‘फ्रोझन डेझर्ट’ हेही पाहा. पहिल्यात दुधाची स्निग्धता असते, दुसऱ्यात वनस्पती तेल. चवीला मी पहिलंच घेते. दोन कंपन्यांची सारख्याच आकाराची खोकी हातात धरून तोलून पाहा. जड असेल त्यात हवा कमी भरलेली असते, आणि तेच आणा.

चवीबद्दल माझं ठाम मत आहे. मरँग भयंकर गोड असतो, म्हणून आतलं आइस्क्रीम फार गोड नको. कॉफी, डार्क चॉकलेट किंवा जांभूळ मस्त लागतं. सीताफळ मला कितीही आवडत असलं तरी इथे ते गोडावर गोड होतं. मे महिन्यात हापूसचा मोह होणारच. तो आवरू नका, पण केकला लावायच्या जॅममध्ये अर्ध्या लिंबाचा रस पिळा.

सामान आठ जणांना पुरेल इतकं: 700-750 मिलीची आइस्क्रीमची वीट एक. स्पंजसाठी 2 अंडी, 60 ग्रॅम बारीक साखर, 60 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा व्हॅनिला. मरँगसाठी 5 मध्यम अंड्यांचा पांढरा, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास, 250 ग्रॅम साखर, आणि पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे फेस टिकवणारी आंबट पूड. ते नसेल तर अर्धा चमचा लिंबाचा रस. दोन चमचे जॅम, जर्दाळूचा मिळाला तर उत्तम. उपकरणांत इलेक्ट्रिक बीटर आणि अन्नाचा थर्मामीटर. हातानं फेटून मरँग होतो, पण पहिल्या खेपेला दंडाची परीक्षा कशाला?

आदल्या दिवशी

आधी फ्रीझर तपासा. डब्यातलं आइस्क्रीम काढल्या काढल्या चमचा सहज आत जात असेल, तर तुमचा फ्रीझर या कामाला पुरेसा गार नाही. एकदारी फ्रिजच्या वरच्या छोट्या कप्प्याचं बहुधा हेच होतं. तसं असेल तर नॉब सगळ्यात थंडवर करून दिवसभर ठेवा आणि दार उगाच उघडू नका. तुमच्या भागात दुरुस्तीसाठी ज्या वारी वीज जाते तो वार टाळा. मी एकदा टाळला नव्हता. संध्याकाळी फ्रीझरमधून जे निघालं ते ग्लासातून प्यायलो.

स्पंजसाठी अंडी आणि साखर बीटरनं सात-आठ मिनिटं फेटा. मिश्रण फिकट, फुगलेलं झालं पाहिजे. बीटर उचलला की खाली पडणारी धार वरच्या वर दोन-तीन सेकंद रेघेसारखी दिसली की झालं. व्हॅनिला घाला, मैदा आणि मीठ चाळून निम्मं-निम्मं करून दोनदा टाका आणि कालथ्यानं खालून वर अलगद मिसळा. 20 सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये बटर पेपर लावून 180 अंशांवर 12 ते 15 मिनिटं. बेकरीतला साधा स्पंज आणलात तरी कुणी नावं ठेवणार नाही. मावा केक मात्र नको. तो लोणी-माव्यानं भरलेला आणि जड, त्यात हवा कमी. फ्रीझरमध्ये दगड होतो आणि उष्णताही स्पंजइतकी अडवत नाही.

केक पूर्ण गार झाला की विटेपेक्षा चारी बाजूंनी एक सेंटिमीटर मोठा कापा. सपाट बुडाचं स्टीलचं ताट किंवा छोटा बेकिंग ट्रे घ्या, जो ओव्हनमध्येही बसेल आणि फ्रीझरमध्येही. त्यावर केक ठेवा, जॅमचा पातळ हात फिरवा, वर वीट ठेवून हलकेच दाबा. झाकून रात्रभर फ्रीझरमध्ये. ताटासकट गोठलेलं असलं की ओव्हनमध्ये गेल्यावर ताट तापायलाच वेळ लागतो. म्हणून आता मी पोळपाटाच्या वाटेला जात नाही.

मरँग: इथे घाई नको

अंडी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडा, गार असताना पिवळा सहज वेगळा होतो. प्रत्येक अंडं आधी एका लहान वाटीवर फोडायचं, पांढरा स्वच्छ उतरला तरच मोठ्या भांड्यात ओतायचा. पाचवा पिवळा फुटला तर एकच अंडं वाया जातं, पाच नाही. पिवळ्यातल्या चरबीचा एक थेंबही फेसाचा घात करतो. त्यासाठी भांडं स्टीलचं घ्या. प्लास्टिकला तेलकटपणा धरून राहतो. आतून लिंबाची फोड फिरवून कोरडं पुसून घ्या. उरलेल्या पाच पिवळ्यांची दुसऱ्या दिवशी भुर्जीत भर घाला, घरचे खूश होतात.

मरँग तीन तऱ्हांनी करतात. कच्च्या पांढऱ्यात साखर घालून फेटला की फ्रेंच. 118 अंशांचा पाक धार धरून ओतला की इटालियन. पांढरा आणि साखर वाफेवर गरम करून मग फेटलं की स्विस. नवख्यानं स्विस करावा. ओव्हनमधल्या तीन-चार मिनिटांत मरँगचा आतला भाग नीट शिजत नाही, त्यामुळे फ्रेंच पद्धतीत जवळजवळ कच्चं अंडं पोटात जातं. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं पंगतीला असतील तर ते नकोच.

पातेल्यात दोन इंच पाणी उकळत ठेवून आच बारीक करा. वर अंड्याचं भांडं असं बसवा की बूड पाण्याला टेकणार नाही, फक्त वाफ लागेल. पांढरा, साखर आणि क्रीम ऑफ टार्टर एकत्र करून व्हिस्कनं सतत ढवळत राहा. हात थांबला की कडेला अंडं शिजून पांढऱ्या चिंध्या होतात. सुरुवातीला मिश्रण घट्ट आणि रवाळ असतं, हळूहळू पातळ होऊन दुधाळ दिसायला लागतं. थर्मामीटर 71 अंश दाखवेपर्यंत सोडू नका. चमच्यावर थोडं घेऊन जरा निवलं की चिमटीत चोळून पाहा, साखरेचा एकही कण लागता कामा नये. कण राहिले तर भाजताना तेच मरँगवर चिकट थेंब होऊन बाहेर येतात.

मग भांडं खाली घ्या आणि बीटर आधी मध्यम, नंतर जोरात, आठ-दहा मिनिटं. किती फेटायचं याची खूण भांड्यातच मिळते: बाहेरून हात लावला तर बूड कोमटही लागत नाही, फेसावर बीटरच्या रेघा ठळक उमटतात, आणि बीटर उचलून उलटा धरला की फेसाचं टोक ताठ उभं राहतं. टोक मान टाकत असेल तर अजून दोन मिनिटं. मरँग कोमट असताना आइस्क्रीमवर लावलात तर तो खाली घसरतो, हे मी दोनदा करून पाहिलंय.

लिंपणं

वीट फ्रीझरमधून काढा. पृष्ठभागावर बर्फाचे कण जमले असतील तर टिश्यू पेपरनं टिपून घ्या, नाहीतर मरँग पकडत नाही. पहिला पातळ हात भराभर सगळीकडे द्या, भिंतीला पहिला गिलावा देतात तसा. मग उरलेला सगळा वर घालून दोन सेंटिमीटर जाडीचा थर करा. कडेला केकच्या खाली ताटापर्यंत मरँग उतरवा आणि चमच्याच्या मागच्या बाजूनं ताटाला दाबून चिकटवा. आता ताट डोळ्यांच्या रेषेत धरून हळूहळू फिरवा. केकचा पिवळेपणा कुठे डोकावतोय का, कोपऱ्यावर थर पातळ झालाय का ते पाहा. कोपरे नेहमी दगा देतात. शेवटी चमचा टेकवून झटकन उचला, टोकं उठतात. टोकं जास्त उंच नकोत, पोळपाट आठवा.

नवशिक्यांसाठी दिलासा असा की स्विस मरँग लावलेला हा ऐवज तसाच तीन-चार तास फ्रीझरमध्ये राहतो. त्यातल्या साखरेमुळे मरँग दगडासारखा गोठत नाही. म्हणजे पाहुणे यायच्या आधी सगळं आवरून साडी-कुर्ता बदलता येतो, आणि जेवण झाल्यावर फक्त भाजायचं राहतं.

भाजणं

ओटीजी दोन्ही रॉड लावून 240-250 अंशांवर, किंवा तुमच्या यंत्राच्या वरच्या टोकाला, पूर्ण 20 मिनिटं तापू द्या. दिवा विझला म्हणून लगेच घाई करू नका, भिंतीही तापलेल्या हव्यात. मग खालचा रॉड बंद, फक्त वरचा चालू. ताट थेट फ्रीझरमधून खालच्या जाळीवर. आणि काचेसमोरून हलायचं नाही. फोन घेऊ नका, दार वाजलं तर दुसऱ्याला पाठवा. दीड-दोन मिनिटांत टोकं रंग धरतात. मागची बाजू जास्त तापत असेल तर एकदाच ताट फिरवा. भाजलेल्या पापडावर येतात तसे बदामी ठिपके सगळीकडे दिसले की बाहेर. माझ्या ओटीजीत साडेतीन मिनिटं लागतात. पाच मिनिटांच्या वर कधीच नको.

ओव्हन 200 अंशांच्या वर जात नसेल, तर तो नाद सोडून ब्लोटॉर्च घ्या. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या केक-साहित्याच्या दुकानांत मिळतो, ऑनलाइनही मिळतो. ब्युटेनच्या डब्यावर बसवायचा, ज्योत मरँगपासून चार-पाच इंच दूर धरायची आणि एका जागी न थांबवता रंगाच्या ब्रशासारखी फिरवायची. पदर किंवा ओढणी खोचून घ्या, केस बांधा, ओट्यावरची क्लिंग फिल्म आणि टिश्यूचे बोळे आधी बाजूला करा. रंग टॉर्चनं जास्त सुंदर येतो, हे कबूल. पण ओव्हनमधून काढलेल्या अलास्काच्या मरँगला जो हलका कोमटपणा असतो तो टॉर्चनं येत नाही, आणि गरम-गार ही गंमत निम्म्यानं कमी होते. ब्रँडी ओतून पेटवण्याचा जहाजी थाट घरात करू नये असं मला वाटतं.

कापायला लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दमात खाली न्या. प्रत्येक कापाला पुन्हा बुडवा. आइस्क्रीम फारच कडक वाटलं तर दोन-तीन मिनिटं थांबा, पण ताटल्या आधीच मांडून ठेवा.

अंडं न खाणाऱ्यांसाठी

काबुली चण्याचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. एक वाटी चणे रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात मीठ न घालता कुकरला मऊ शिजवा. पाणी चण्यांच्या जेमतेम वर हवं. शिजलेले चणे त्याच पाण्यात फ्रिजमध्ये रात्रभर राहू द्या, मग गाळा. पाणी बोटाला अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत लागलं पाहिजे. पातळ असेल तर आटवून गार करा. 120 मिली पाण्याला पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर घालून आधी पाच मिनिटं फेटा, मग 140 ग्रॅम पिठीसाखर चमच्या-चमच्यानं, एकूण 12 ते 15 मिनिटं. व्हॅनिला घातला की चण्याचा वास जवळपास जातो. हा फेस उष्णतेत लवकर बसतो, म्हणून इथे ओव्हन नको. लावल्या लावल्या टॉर्च, आणि लगेच वाढा. केक बिनअंड्याचा, कंडेन्स्ड मिल्कचा घ्या. चण्यांची संध्याकाळी उसळ.

बिघडलं तर

ओघळ आला तर कुठून आला ते पाहा. खालच्या कडेतून असेल तर तिथे फट होती, सगळीकडून असेल तर फ्रीझर कमी गार होता किंवा ओव्हन नीट तापला नव्हता आणि रंग यायला दहा मिनिटं लागली. मरँग वरून तपकिरी पण आतून पाण्यासारखा असेल तर फेटणं कमी पडलं. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, मरँग हवेतली ओल ओढून चिकट होतो. जुलैत करायचाच असेल तर लावून झाल्यावर लगेच भाजा, ओट्यावर ठेवून गप्पा नकोत.

उरलेला तुकडा पुन्हा फ्रीझरमध्ये टाकायचा तर आइस्क्रीम अजून घट्ट असेल तरच, डब्यात झाकून. दुसऱ्या दिवशी मरँग मऊ पडतो, रंग उतरतो. माझ्या घरी तो दुसऱ्या दिवसापर्यंत एकदाच उरलाय, आणि सकाळी साडेसहाला फ्रिजसमोर उभं राहून खाणारे सासरे मी स्वतः पाहिलेत.